पुडे बांधणाऱ्या हातांसमोर

मे महिन्यात आमच्या गावात दुपारच्या वेळी कुणाचेच हात रिकामे नसतात. पहाटे अंधारात जंगलात गेलेली माणसं नऊ-दहा वाजता तेंदूपानांची गाठोडी डोक्यावर घेऊन परततात, दोन घास खातात आणि सावली धरून अख्खं घर पुडे बांधायला बसतं. ७० पानांचा एक पुडा. पाचवी-सहावीतली पोरंही पानं मोजत नाहीत, त्यांच्या बोटांनाच सत्तर कळतात. २०२२च्या मे महिन्यात शेजारच्या मांडवात, त्या चालत्या हातांसमोर मी माझी कादंबरी पहिल्यांदा मोठ्यानं वाचली.

दोन-तीन दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. वाचन ढिलं पडलं की हात भरभर चालतात. गोष्टीनं धरलं की हात संथ होतात, आणि अगदी आत ओढलं की थांबतात. पान बोटांत तसंच राहतं. कुणी तोंडावर "छान आहे ताई" म्हटलं तरी मी हातांकडेच बघायची. वहीच्या समासात खुणा करायची: इथं भरभर, इथं संथ, इथं थांबले. पुढची दोन वर्षं दुरुस्ती केली ती या खुणा बघूनच.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातली. नागपूरला मराठीत एम.ए. करून गावी परतले. घरची चार एकर धानाची शेती आहे, आणि संध्याकाळी सहावी ते दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचे जुने अंक सुतळीनं बांधून कपाटात ठेवलेले असायचे, त्यांवर मी वाढले. शिकवणीच्या खोलीत आता माझीच दोनेकशे पुस्तकं आहेत. त्यांतली जादूच्या राज्यांची भाषांतरं पोरं फाटेपर्यंत वाचतात. मलाही ती आवडतात. बर्फ, धुराडी, दगडी जिने हे सगळं पोरांना डोळ्यांसमोर दिसतं, अडत नाही कुठं. पण सातवीतल्या एका मुलीनं पुस्तक परत देताना विचारलं, "ताई, आपल्याकडली जादू कोटी राह्यते?" कुठं राहते, असं तिला म्हणायचं होतं. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी कुमारांसाठी एक कादंबरी लिहायला घेतली. जादू असेल, दोन मित्र असतील, लढाई असेल, आणि सगळं आमच्या मातीत घडेल, एवढंच ठरवलं होतं. २०२१च्या दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, पहिली वही उघडली. मार्चपर्यंत दोनशे पानी चार वह्या भरल्या.

त्या पहिल्या खर्ड्यात तलावापलीकडं एक म्हातारी राहायची. एकटी, मोकळ्या केसांची, स्वतःशी पुटपुटणारी, रात्री दिवा घेऊन फिरणारी. तिनं फुंकर मारली की धान करपायचं, गाय आटायची. शत्रूच्या राजाला वाट दाखवायची तीच, आणि शेवटी पोरं तिलाच हरवायची. हे पात्र मी फार मन लावून लिहिलं होतं.

वाचनाच्या चौथ्या दिवशी तिचा प्रवेश आला आणि मांडवातले सगळे हात एकदम थांबले. मला आनंद झाला. तेवढ्यात आठवीतला एक पोरगा हळूच म्हणाला, "हे तं आपल्या अमक्या आजीवानीच आहे." त्यानं नाव घेतलं, ते मी इथं लिहिणार नाही. दोन-चार पोरं हसली. बाया हसल्या नाहीत. त्याच्या आईनं मान वर न करता "चूप" म्हटलं आणि परत पानं जुळवायला लागली. ज्या आजीचं नाव निघालं ती त्याच वेळी चार घरं सोडून, आपल्या पडवीत एकटीच पुडे बांधत बसली होती. विधवा, मूलबाळ नाही, थोडं पुटपुटते. आणि रात्री दिवा घेऊन बाहेर पडते, कारण तिच्या घरी संडास नाही.

मी वही मिटली. "उद्या वाचू" म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी गेले नाही.

मी तिसरीत होते तेव्हा मामाच्या गावी एक बाई होती. दारावरून गेलं की ओंजळीत चारोळ्या द्यायची. एका उन्हाळ्यात त्या गावात तापानं एक लेकरू गेलं. मग तिनं करणी केली असं कुणीतरी म्हणालं. तिला घरातून ओढून काढलं, मारलं. आम्हां पोरांना आत कोंडलं होतं, पण आवाज येत होता. पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा तिच्या घराला कुलूप होतं आणि अंगणात बेशरमाची झुडपं वाढली होती. कुठं गेली, मी विचारलं नाही. विचारायचं नसतं हे एवढ्या लहान वयातही कळलं होतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. कायदा आहे, त्याखाली गुन्हे नोंदले जातात, हे मोठं काम आहे. तरीही २०२१च्या ऑगस्टात आमच्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या एका गावात, भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भरचौकात बांधून मारलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी मी वही उघडली होती. बातमी वाचून मी रडले होते. आणि तरीही माझ्या हातून तीच म्हातारी कागदावर उतरली.

भाऊ म्हणाला, "गोष्टच तं आहे, एवढं कायले मनावर घेतेस?" त्याचं म्हणणं चूक नाही. चेटकीण जिथं फक्त पुस्तकात उरली आहे तिथं ती लिहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. आमच्याकडं गोष्ट साक्षीसारखी वापरतात. एखाद्या पोरानं उद्या दहा जणांत "ताईच्या पुस्तकातल्या म्हातारीवानी" असं म्हटलं की त्या आजीचं घर तिचं राहणार नाही. बावीसपैकी नऊ प्रकरणं मी बाजूला काढली. कपाटावर टाकली ती आजही तिथंच आहेत. आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली: या पुस्तकातल्या जादूवरून कुणालाही मारता येऊ नये.

ही ओळ लिहायला सोपी होती. त्या अटीत बसणारी जादू सापडायला पाच महिने गेले.

जादू एखाद्या माणसाच्या अंगात ठेवली की तो माणूस वेगळा पडतो, आणि वेगळ्या पडलेल्या माणसाकडं बोट दाखवता येतं. नायकाच्या अंगात ठेवली तरी तेच. जन्मतः खूण असलेला, निवडलेला पोरगा मला नकोसा झाला. मंत्र ठेवला तर पुटपुटणं आलं. पाला-मुळ्या ठेवल्या तर आमच्याकडचे औषध देणारे वैदू आले, त्यांनाही संशय चुकलेला नाही. प्रत्येक वाट शेवटी कुठल्यातरी खऱ्या माणसाच्या दारात जाऊन थांबायची. तो पावसाळा मी रोवण्यात काढला. चिखलात वाकून दिवसभर परे लावताना डोकं मोकळं राहतं, पण काही सुचलं नाही.

ऑक्टोबरात धान निसवायला आलं आणि पावसानं पाठ फिरवली. बाबा म्हणाले, तलावाचं पाणी सोडणार आहेत, चल. आमच्या भागातले हे तलाव कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले. पुढं ते मालगुजारांकडं गेले, आणि १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली तेव्हा सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी तलाव' असं नाव लागलं. लोकांनी त्याचं 'मामा तलाव' केलं. लहानपणी सगळ्याच पोरांना तो कुणाच्या तरी मामाचा वाटतो. नव्या गेटांचे तलाव पुष्कळ झाले, पण आमच्या तलावाला अजून जुनं तुडूम आहे. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या अंगाला दगडाची पायऱ्यापायऱ्यांची बांधणी, प्रत्येक पायरीवर एक भोक आणि भोकात लाकडाची खुंटी. पाणी वर असतं तेव्हा वरची खुंटी काढायची. पाणी उतरलं की तिच्या खालची. अगदी तळाच्या भोकाची वेळ फक्त मोठ्या दुष्काळात येते. पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी जाईल हे पाणकर ठरवतो. गावानं नेमलेला माणूस, खांद्यावर फावडं, त्याच्या डोक्यात सगळ्या गावाच्या पाण्याच्या पाळ्या पाठ.

पाणकरानं वरची खुंटी ओढली. पाणी आत शिरताना घशातून येतो तसा खोल आवाज आला. बाबा सहज म्हणाले, "हे मागच्या साली पडलेलं पाणी. तळाचं तं माह्या आज्याच्या वेळचं असंन."

मी तिथंच पाळीवर बसले. पातळी म्हणजे वर्षं. जादू तलावात होती.

त्या रात्री नियम लिहिले ते शेवटपर्यंत फारसे बदलले नाहीत. तलावाला आठवतं. ज्या घराची पाळी, त्या घरातलं कुणीही तुडुमाची खुंटी काढू शकतं. त्या पातळीच्या वर्षातलं काहीतरी एक, एका रात्रीपुरतं परत येतं: मेलेला बैल, हरवलेला आवाज, पडलेलं घर. सकाळी जातं. जेवढं पाणी सुटलं तेवढं धानाला कमी पडतं, म्हणजे प्रत्येक जादूची किंमत भातात मोजायची. पाळी घरोघर फिरते, म्हणून जादूगार असा कुणीच नाही, किंवा सगळं गावच आहे. तळाची खुंटी आजवर कुणी काढलेली नाही, आणि ती काढली तर तलाव बांधताना मेलेली सगळी माणसं उठतील असं म्हणतात. शत्रूच्या राजाला तीच खुंटी हवी आहे, कारण मेलेल्यांची फौज हरत नाही. कादंबरीचं नावही त्या रात्रीच ठरलं, 'तुडूम'.

शिकवणीच्या पोरांना नियम वाचून दाखवले. त्यांनी ते चहूबाजूंनी कुरतडले, आणि हे कुणाही लिहिणाऱ्यानं करून बघावं असं काम आहे. पाळी चोरली तर? दोन भाऊ वेगळे निघाले तर पाळी कोणाची? पाऊस पडताना खुंटी काढली तर कोणतं वर्ष येईल? मी वहीत लिहीत गेले. मग मागं बसलेल्या एका पोरानं विचारलं. त्याचे वडील ढिवर, त्याच तलावात मासे धरतात. तो म्हणाला, "ज्याच्या घरी बांधीच नाई, त्याची पारी कव्हा येते?"

झाडीबोलीत, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीत, 'ळ'चा बहुतेकदा 'र' होतो. पाळी म्हणजे पारी.

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाळी जमिनीला असते. ढिवराचं सगळं आयुष्य तलावावर जातं, पाण्याचा तळ त्याला पायांनी माहीत असतो, कुठं चिखल आहे, मरळ कुठं दबा धरून बसते हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. पण त्याला खुंटीचा हक्क नाही. मी घडवलेल्या जगात मीच एक माणूस बाहेर ठेवला होता आणि तो माझ्यासमोर मांडी घालून बसला होता.

कादंबरीतली मैत्री त्या प्रश्नातून आली. आधी माझे दोन मित्र नुसतेच मित्र होते, एकत्र हिंडायचे, एकमेकांना वाचवायचे. हात भरभर चालायचे त्या पानांवर. आता पारू ही पाणकराची नात झाली आणि डोमा ढिवराचा पोरगा. डोमाची आई मागच्याच वर्षी गेली आहे. तिचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच त्याला हवं आहे. वरची एक खुंटी, एक रात्र. त्याला पाळी नाही. पारूकडं आहे, पण तिच्या घरचं धान निसवलं आहे आणि पाणी सोडलं तर पीक जाईल. ती आपली पाळी त्याला देते की नाही, यावर अर्धं पुस्तक उभं राहिलं. मैत्री काय असते ते मला लिहावं लागलं नाही, पाण्याचा हिशोब लिहिला की ती दिसायची.

आडनावांचा प्रश्न राहिलाच. पहिल्या खर्ड्यात मी ती टाळली होती. आमच्याकडं आडनाव सांगितलं की जात सांगितल्यासारखं होतं, आणि माझ्या गोष्टीत ती नको असं मला वाटायचं. पोरांनी दहा मिनिटांत विचारलं, "डोमाचं आडनाव काय आहे?" आडनाव नसलेला पोरगा त्यांना खोटा वाटत होता. शेवटी आडनावं दिली नाहीत, पण धंदे दिले, घरं कुठल्या टोकाला आहेत ते दिलं, कोण कुणाच्या घरचं पाणी पितं ते दिलं. पोरांना बरोबर कळलं. पारूची आजी डोमाला पाणी वरून ओतते, तो ओंजळीनं पितो, हे वाक्य आलं तेव्हा हात थांबायचे.

युद्धाचं काम वेगळं होतं. मी लढाई पाहिलेली नाही. पाहिल्यासारखी होती ती झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांचे दिवस सुरू झाले की वडसा गावातल्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाट होईस्तोवर खेळ चालतो, थंडीत घोंगड्या पांघरून हजारो माणसं बसतात. तिथं मंचावर दोन माणसं तलवारी घेऊन फिरतात, ढोलकी आणि ऑर्गन वाढत जातो, आणि बघणाऱ्याला दहा हजारांची फौज दिसते. मला वाटलं कागदावरही तसंच करावं. केलं. तलवारी, आरोळ्या, धूळ. बारा पानं. पोरांचे हात त्या बारा पानांत सर्वांत जास्त चालले.

मग ब्रह्मपुरीहून पॅसेंजर गाडीनं चांदाफोर्टला उतरून चंद्रपूरचा परकोट, म्हणजे शहराभोवतीची तटबंदी, बघायला गेले. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, त्याशिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोट्या वाटा. जटपुरा दरवाज्यावर गोंड राजांचं चिन्ह आहे, हत्तीला नमवणारा सिंह. गाड्यांच्या गर्दीत उभी राहून मी ते बराच वेळ बघितलं. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून हाच परकोट फोडला होता. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या ज्या बाबुराव शेडमाकेंना २१ ऑक्टोबर १८५८ ला याच शहरात फाशी दिली, ते तेव्हा अवघे २५ वर्षांचे होते. शिकवणीच्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे आणि पोरं त्यांना मोठा, मिशीवाला काका समजतात. तुमच्या दादाएवढे होते म्हटल्यावर वर्ग गप्प झाला होता. पाच खिडक्यांपैकी एकीचं नाव मसाण खिडकी. ते नाव वाचून माझं एक प्रकरण उभं राहिलं: वेढा पडलेल्या गावाची एक लहान वाट, मेलेल्यांना बाहेर न्यायची, आणि दोन्ही फौजांनी न बोलता पाळलेला करार की त्या वाटेवर बाण टाकायचा नाही. डोमा त्या वाटेनं जिवंत बाहेर पडतो, तिरडीवर निजून.

तरीही लढाईच्या आतलं काहीतरी राहत होतं. ते दोघींकडून मिळालं. गडचिरोलीच्या दक्षिणेकडची एक मुलगी इथं वसतिगृहात राहून शिकते, काही महिने माझ्याकडं इंग्रजीला यायची. ती फार बोलत नसे. लढाईची पानं ऐकून एवढंच म्हणाली, "आधी बाजार बंद होते, ताई. मंग सारे जण हळू बोलतात." मी त्या दोन वाक्यांवरून पूर्ण प्रकरण पुन्हा लिहिलं. त्यात तलवार शेवटच्या पानावर येते. त्याआधी बुधवारचा बाजार भरत नाही, मीठ संपतं, आणि माणसं दार लावून कुजबुजतात.

दुसरी माझी आत्या. २०२०च्या ऑगस्टअखेर वरून मध्य प्रदेशातलं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि आमच्या तालुक्यातली वैनगंगेकाठची गावं पाण्याखाली गेली. आत्याचं घर त्यांत होतं. तिला मी विचारलं, पाणी येतंय कळल्यावर पहिल्यांदा काय केलं? मला वाटलं ती पैसे म्हणेल, कागदपत्रं म्हणेल. ती म्हणाली, "दावी कापली. सोडाले वेळ नव्हता, इळ्यानं कापली. ढोरं आपली वाट पाहून घेतात." कादंबरीत शत्रू तलावाची पाळ फोडायला येतो त्या रात्री पारू आणि डोमा गावभर फिरून आधी सगळ्या गोठ्यांतली दावी कापतात. अंधारात शेकडो जनावरं गळ्यात तुटकं दावं घेऊन शत्रूच्या तळावरून निघून जातात. लढाईतलं सर्वांत मोठं दृश्य तेच आहे, आणि त्यात कुणी कुणाला मारत नाही.

पोरांना वाघ हवा होता. वाघावर बसलेला डोमा, वाघांची फौज. मी एक पानही लिहिलं होतं. पण ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात दर वर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात, सरपण आणायला गेलेली, मोहफुलं वेचायला गेलेली. माझ्या वर्गात एक पोरगी आहे जिचे आजोबा तसे गेले. तिच्यासमोर मला ते पान वाचता येईना. वाघ आता पुस्तकात आहे, पण लांब. संध्याकाळी पाळीवरून चालत जातो, दोन्ही बाजूंची माणसं उभी राहतात, तो गेला की पुन्हा आपापल्या कामाला लागतात.

दुसरा खर्डा ६२ हजार शब्दांचा झाला. शहरातल्या एका प्रकाशकाकडं पाठवला. सात महिन्यांनी उत्तर आलं की कल्पना चांगली आहे, पण संवाद प्रमाण भाषेत करा आणि तुडूम, पाणकर, बांधी हे शब्द बदला, शहरातल्या मुलांना कळणार नाहीत. मला राग आला. आमची पोरं बर्फाची वादळं आणि शेकोटीची दगडी धुराडी समजून घेतात, त्यांना कुणी शब्द बदलून दिले नव्हते. शहरातलं पोर एक खुंटी समजून घेईल, एवढा माझा त्या पोरांवर विश्वास आहे. नंतर एक संपादक भेटल्या, त्यांनी मजकूर हातात घेऊन काम केलं. निवेदन प्रमाण भाषेत, बोलणं झाडीबोलीत, आणि नवा शब्द पहिल्यांदा येतो तिथं कुणीतरी ती वस्तू हातात धरलेली असली पाहिजे, हा त्यांचा नियम. खालच्या ओळीत अर्थ द्यायचा नाही, वस्तू वापरून दाखवायची. त्या नियमानं मी सगळं पुन्हा लिहिलं आणि पुस्तक ४१ हजारांवर आलं. नाटकी लढाईची बारा पानं तेव्हाच गेली. मला त्यांची आठवणही येत नाही.

२०२४च्या मे महिन्यात पुन्हा वाचायला बसले. पोरं दोन वर्षांनी मोठी झाली होती. आठवीतला तो पोरगा आता दहावीची परीक्षा देऊन बसला होता, आवाज फुटला होता. या वेळी मी वाचनाची जागा बदलली. शेजाऱ्यांच्या मांडवात न बसता त्या आजीच्या पडवीत बसले, पानं तिथं आणा म्हटलं. पहिल्या दिवशी पाच जण आले. दुसऱ्या दिवशी बायाही आल्या, कारण तिच्या पडवीत खरोखर वारा येतो. आजी कोपऱ्यात पाठ करून पुडे बांधायची. ऐकते की नाही कळायचं नाही. तिचे हात मी बघत होते, ते एकाच चालीनं चालायचे, न वाढता, न थांबता.

सातव्या दिवशी पारू डोमाला आपली पाळी देते ते प्रकरण आलं. डोमा तुडुमावर उतरतो, खुंटी काढतो, आणि तलावावरून त्याच्या आईची हाक येते. मांडवातल्यासारखं इथंही सगळं शांत झालं. मी पुढचं प्रकरण सुरू केलं. त्यात दुसऱ्या रात्री पारू स्वतः खुंटीला हात घालते.

"पारी चुकली," आजी म्हणाली.

मी थांबले. तिनं पान खाली ठेवलं होतं आणि ती माझ्याकडं वळून बसली होती. "पोरीनं आपली पारी त्याले देल्ली ना? मंग तिच्या घरची झाली. आता तिचा नंबर साऱ्या गावाचा फेरा पुरा झाल्यावर. उद्या तिले कशी भेटन?"

मला माहीत नव्हतं, पण पोरांना होतं. तिचा नवरा वीस वर्षं गावचा पाणकर होता. तो आजारी पडला तेव्हा दोन हंगाम रात्री दिवा घेऊन पाळ्या हिनंच फिरवल्या होत्या, हे त्या आठवीतल्या, आता दहावीतल्या पोरानंच सांगितलं. त्याच्या आजोबांकडून त्यानं ऐकलं होतं.

मी वही पुढं केली. आजीला वाचता येत नाही. तिनं बोटानं जमिनीवर बांध्या काढल्या, कोणत्या घरानंतर कोणतं घर, शेवटच्या टोकाची बांधी कुठली, आणि फेरा कुठून परत सुरू होतो. पोरं वाकून बघत होती. पारूची पाळी पुन्हा यायला एकवीस रात्री लागत होत्या. म्हणजे शत्रू येतो त्या रात्री ती खुंटीला हात लावू शकणार नाही, दुसऱ्या कुणाच्यातरी दारात जाऊन मागावी लागेल.

"कोनाच्या दारात जाईन ते पाहा," आजी म्हणाली आणि तिनं जमिनीवरच्या एका चौकोनावर तेंदूचं पान ठेवलं.